चौकटीतला ओळंबा

काकूंनी शिवलेला कपडा कधी परत येत नसे. हे त्या स्वतःहून सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याला गप्पही करत नसत. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांची पिशवी आणि भिंतीवर एक उभा आरसा, एवढा त्यांचा कारखाना. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राही आणि काकू तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरत. ही बाई दिवसातून तेवढाच वेळ गप्प असते, असं मिस्त्री म्हणायचे.

मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान. दारं बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौकट ओळंब्याच्या दोऱ्याला जुळवून उभी करायची आणि तिच्यात दार असं टांगायचं की अर्धं उघडून सोडलं तर अर्धंच उघडं राहील, पुढे नाही की मागे नाही, ही त्यांची खासियत. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार त्यांनी लग्न झाल्या झाल्या स्वतः बसवलं होतं. पाहुणे आले की ते अर्धं उघडून दाखवायचे. पाहुणे काही घडेल म्हणून बघत राहायचे, काहीच घडायचं नाही, आणि मिस्त्री खूश व्हायचे.

दुखण्याची सुरुवात उचकीने झाली. सकाळी लागली ती दुपार झाली तरी थांबेना. "कोण एवढी आठवण काढतंय बघा, मला तरी सांगा," असं काकूंनी चिडवूनही झालं. मग मिस्त्री म्हणाले, चहा अर्ध्या तोंडाला गरम लागतोय आणि अर्ध्या तोंडाला नाही. काकूंनी तेही हसण्यावारी नेलं. थोड्या वेळाने कसला तरी करपल्याचा वास आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर मिस्त्री टेबलाला टेकून उभे होते आणि त्यांचा उजवा पंजा तापलेल्या इस्त्रीवर होता. ते खिडकीबाहेर बघत होते. काकूंनी ओरडून हात ओढला, तेव्हा त्यांनी तो आधी बघितला, मग काकूंकडे बघितलं, आणि "काय झालं?" असं घोगऱ्या आवाजात विचारून ते सरळ डाव्या अंगावर कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पेन्सिलने मेंदूचं चित्र काढलं. वर मोठा मेंदू, आणि खाली त्याचा देठ. "जाडीला अंगठ्याएवढा," डॉक्टर म्हणाले. "पण वरून खाली जाणारी आणि खालून वर येणारी प्रत्येक तार ह्यातून जाते. श्वास, गिळणं, उचकी, तोल, सगळं इथलंच. ह्या देठाच्या डाव्या बाजूला रक्ताची एक बारीक नळी बंद पडली. म्हणून चेहऱ्याच्या डाव्या बाजूला आणि अंगाच्या उजव्या बाजूला गरम-थंड कळत नाही. तारा मध्ये एकमेकींना ओलांडतात."

"आणि बुद्धी?" काकूंनी विचारलं.

"बुद्धी शाबूत आहे."

"मग ते म्हणतात, भिंत पडतेय. पलंग तिरका आहे म्हणतात. मला म्हणाले, तू वाकडी का उभी आहेस."

डॉक्टरांनी देठावर पेन्सिल टेकवली. "सरळ म्हणजे काय, तेही इथेच ठरतं, काकू. त्यांचं सरळ डावीकडे कललंय. ते त्या हिशेबाने उभे राहतात आणि पडतात. बऱ्याच लोकांचं हळूहळू जागेवर येतं."

काकूंनी एवढंच मनात धरलं. गिळणं सुधारलं, उचकी थांबली, डावी पापणी जरा उतरलेली राहिली ती राहो. पण हा माणूस पुन्हा सरळ उभा राहिला पाहिजे. त्याशिवाय तो जगलाय असं त्यांना वाटणार नव्हतं, आणि त्यालाही नाही.

व्यायाम शिकवणारी ताई उत्साही होती. ती म्हणाली, घरात एखादी पक्की उभी रेघ समोर ठेवा. रोज तिच्याकडे बघत उभं राहायचं, अंग तिच्याशी जुळवायचं. डोळ्यांनी बघून बघून मेंदू शिकतो. काकूंना यात शोधाशोध करायची गरजच नव्हती. त्यांनी मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीतून त्यांचा पितळी ओळंबा काढला, मधल्या दाराच्या चौकटीच्या माथ्यावर खिळा ठोकला आणि दोरा सोडला. ओळंबा थोडा झुलून थांबला. दोरा आणि चौकटीची बाजू यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखं अंतर. काकूंना त्याही स्थितीत नवऱ्याच्या कामाचा अभिमान वाटला.

मिस्त्री खुर्चीतून बघत होते. त्यांचं तोंड उतरलं. "कुणीतरी उजवीकडे कलवतंय त्याला," ते म्हणाले.

"कुणी कलवत नाहीये. तुमचाच ओळंबा आहे."

"माहितेय गं. म्हणून तर." एवढं बोलून ते रडले. जन्मभर ज्या दोऱ्यावर विश्वास ठेवला तो दोराच खोटा दिसायला लागला तर माणसाने कुणाकडे बघायचं? काकू त्यांच्या डाव्या बाजूला खेटून उभ्या राहिल्या आणि त्यांचं सगळं ओझं अंगावर घेतलं.

मदतीला लेक आली. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात, त्यामुळे तिला यायला अडचण नव्हती. ती सकाळी उठून कामाला जाई, टेलिफोनवर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेई आणि दिवेलागणीला परत येई. तिची मुलगी ठकी आजीपाशी राही. ठकी रांगत होती, धरून उभी राहायला अजून तयार नव्हती. मिस्त्री खुर्चीत बसून तिच्याशी घोगऱ्या आवाजात गप्पा मारत आणि ठकीला तो आवाज फार आवडे.

एका दुपारी काकू काज करत होत्या आणि मिस्त्री दोऱ्यासमोर उभे होते, खुर्चीची पाठ धरून. "आता बरंय," ते म्हणाले. "येतोय जागेवर."

काकूंनी मान वर केली. दोरा चौकटीला सोडून डावीकडे कलला होता. वर खिळ्याशी अंतर होतं तेवढंच, खाली मात्र एक बोट जास्त. पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती. काकूंनी जाऊन ओळंबा हाताने धरला, थांबवला, सोडला. तो झुलून पुन्हा तिथेच जाऊन राहिला.

खिळा वाकला असेल, असं म्हणून त्यांनी स्टूल आणून खिळा तपासला. खिळा ठीक होता. खाली उतरताना टेबलावरच्या पेल्याकडे त्यांची नजर गेली. पेल्यातलं पाणी एका काठाला वर चढलेलं होतं, दुसऱ्या काठाला खाली. त्यांनी पेला उचलून पिऊन टाकला आणि पुन्हा काजाला बसल्या. रात्ररात्र जागरणं झाली की डोळ्यांना काहीही दिसतं.

पुढल्या आठवड्यात अंतर भरून आलं. दोरा परत चौकटीशी समांतर, वर तेवढंच खालीही तेवढंच. पेल्यातलं पाणीही काठाशी नीट जुळलेलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. नक्की कोण कोणाशी येऊन जुळलं, हा विचार मनात आला, पण त्याला त्यांनी बसायला जागा दिली नाही. कारण त्याच दिवशी मिस्त्रींनी खुर्ची सोडली. ओळंब्यासमोर उभे राहिले, दोऱ्याला नाक लावून, दोरा आणि माणूस एका रेषेत. मग चालत स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि चालत परत आले. काकूंनी पदर तोंडावर धरला. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या.

त्यानंतर कपडा परत आला.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेचा घागरा होता. मापाला आली होती तेव्हाच काकू तिला दोनदा म्हणाल्या होत्या, "एका बाजूला रेलू नकोस गं, उजवा खांदा पडतोय तुझा." ती म्हणाली होती, "मी नीटच उभी आहे, काकू. मला जरा गरगरतंय तुमच्याकडे." काकूंनी जमिनीपासून पट्टी लावून सारख्या उंचीवर घेर आखला होता, नेहमी आखतात तसा. आता शिक्षिका घागरा घेऊन जिन्यात उभी होती, आत यायला तयार नव्हती. घेर डावीकडे दोन बोटं खाली लोंबत होता. काकूंनी तो टेबलावर पसरून कमरेपासून मोजला. डावी बाजू खरंच लांब होती. त्यांनी माफी मागितली, घेर सारखा करून दिला आणि मग बराच वेळ रिकाम्या मशीनवर पाय हलवत बसल्या.

दवाखान्यातल्या तपासणीला त्या मिस्त्रींना ऐटीत घेऊन गेल्या. टॅक्सीतून उतरताच मिस्त्री डावीकडे झुकले. लिफ्टमध्ये त्यांनी भिंत धरली. व्यायामाच्या खोलीत ताईने "चला, दाखवा बघू" म्हटलं आणि ते दुसऱ्याच पावलाला पडले. गादी होती म्हणून लागलं नाही.

"घरी करता ना व्यायाम?" ताईने काकूंना बाजूला घेऊन विचारलं.

"घरी ते अगदी नीट चालतात हो. मी खोटं कशाला सांगू?" काकूंनी लेकीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यात मिस्त्री स्वयंपाकघरातून चालत येत होते. घरी बघितला तेव्हा काकूंनी तो चार वेळा बघितला होता. इथे मात्र मिस्त्री डावीकडे कललेले दिसत होते, भिंतीवरून घसरत यावं तसे.

ताई मायेने हसली. "मोबाइल तिरका धरलाय, काकू. बघा ना, मागचं दारसुद्धा तिरकं आलंय. ओळंबासुद्धा."

काकूंनी बघितलं. दार, ओळंबा, आरसा आणि माणूस, सगळे एकमेकांशी जुळलेले होते. आणि सगळे तिरके होते. ताई म्हणाली तसं मोबाइल तिरका धरला असेल, यावर विश्वास ठेवायला त्यांना फार आवडलं असतं. पण व्हिडिओत खालच्या कोपऱ्यात खिडकीतून समोरच्या इमारतीची कड दिसत होती, आणि ती अगदी सरळ उभी होती.

घरात पाऊल टाकताच मिस्त्री ताठ झाले. काकूंच्या हातातून हात सोडवून घेऊन स्वतः खुर्चीपाशी गेले.

"अहो," काकू म्हणाल्या, "ह्या घरात काहीतरी झालंय."

"घरात नाही. बाहेर."

"बाहेर तुम्ही पडता."

"म्हणून तर सांगतोय." ते ओळंब्याकडे वळले. "इथे मी बरा आहे. बरा राहू दे ना मला."

काकूंना भीती वाटत होती, हे खरं. कशाची, ते नीट कळत नव्हतं, हेही खरं. पण सकाळी उठून स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाणारा नवरा त्यांना परत मिळाला होता, आणि तो दुसऱ्या कुठल्या घरात मिळाला नसता.

खरा प्रश्न ठकीचा होता. ठकी आता धरून उभी राहायला लागली होती. आणि धरत होती ती नेमकी मधल्या दाराची चौकट. चौकट धरून उठायची, एका हाताने ओळंबा पकडायची आणि आजोबांकडे बघून खिदळायची. आजोबा म्हणायचे, "शाब्बास, दोऱ्याकडे बघ, दोऱ्याकडे." काकू तिला उचलून मशीनपाशी आणत. ती पुन्हा रांगत चौकटीकडे जाई.

लेकीला सांगायला हवं होतं. ठकीला घेऊन तुझ्या घरी जा, तिला दुसरीकडे उभं राहायला शिकव. पण का, म्हणून तिने विचारलं असतं. घर वाकडं आहे, असं सांगितलं असतं तर लेकीने दुसऱ्या दिवशी आईलाच डॉक्टरकडे नेलं असतं. आणि लेक गेली तर ह्या दोन खोल्यांत मिस्त्री आणि ओळंबा यांच्याबरोबर एकटीने राहायचं. उद्या सांगू, असं काकू रोज ठरवत. शिवाय त्यांना स्वतःलाही आताशा बाहेर पडलं की थकवा येई. कापडाच्या दुकानात तागे सगळे एका बाजूला कललेले वाटत. फुटपाथवरून चालताना डावा खांदा भिंतीला घासे. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून त्या घरी येत आणि घरी आल्यावर खरंच बरं वाटे.

मग ठकी चालली.

काकू टाचण्या गोळा करत होत्या. ठकीने चौकट सोडली, ओळंबा सोडला आणि आजोबांच्या दिशेने निघाली. एक पाऊल, मग दुसरं, मग धावतच. कुठे डुगडुगली नाही. पहिल्यांदा चालणारी पोरं झुलतात, बसकण मारतात, हिने काही केलं नाही. दोऱ्यासारखी सरळ गेली आणि आजोबांच्या गुडघ्यांना बिलगली. मिस्त्री हसत होते. काकूही हसल्या, आणि लगेच उठून त्यांनी तिला उचलून घेतलं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी लेकीने रजा घेतली. सगळेच निघाले. आज सांगायचंच, काकूंनी ठरवलं. ताईसमोर सांगायचं, म्हणजे लेकीला ऐकावं लागेल. टॅक्सीत ठकी त्यांच्या मांडीवर होती. काकूंनी मनातल्या मनात वाक्यं जुळवली: ठकीला एकदा इथे चालवून बघ. ती कशी चालते ते बघ. मग मी काय सांगते ते ऐक.

दवाखान्याचा लांब पॅसेज होता. एका बाजूला बाकं, दुसऱ्या बाजूला खिडक्या. काकू टॅक्सीतून उतरल्यापासून कशाला तरी धरून चालत होत्या. बाकाची पाठ धरून त्या उभ्या राहिल्या. ताई बाहेर आली, ठकीला बघून म्हणाली, "अरे वा, ही चालायला लागली? सोडा की तिला, आजोबांबरोबर येऊ दे."

लेकीने ठकीला आणि मिस्त्रींना पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं. मिस्त्रींनी एका हाताने खिडक्यांच्या कडेची दांडी धरली, दुसऱ्या हाताने तिचं बोट. दोघं निघाली.

लेक मागून पुढे आली आणि आईशेजारी उभी राहून बघायला लागली.

आधी ताई हसली. "आजोबांची नक्कल करतेय."

मग हसायची थांबली. "बोट सोडा हो तिचं, मिस्त्री."

मिस्त्रींनी सोडलं.

"आई," लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, ती कशी चालतेय बघ. आई, काय झालंय तिला?"

काकूंनी बघितलं. ह्याच क्षणासाठी त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती.

आजोबा आणि नात येत होती. दोघांचे खांदे सारखे, दोघांची पावलं नेमकी. त्यांच्यामागे खिडक्या तिरक्या होत्या. बाकं तिरकी होती. ताई उजवीकडे झुकून उभी होती, एवढी की ती अजून पडली कशी नाही, याचं काकूंना नवल वाटलं.

"सरळ तर चालतेय," काकू म्हणाल्या.

ताईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. पायांकडे, मग खांद्यांकडे.

लेक रडायला लागली होती. तीही कलली होती, पोर. एवढी मोठी झाली तरी धड उभं राहता येत नव्हतं तिला. काकूंना तिची फार माया आली. बाकाची पाठ सोडून त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले, टाचण्या लावताना गिऱ्हाइकाला धरावं तसे हलक्या हाताने, आणि तिला डावीकडे सारखं केलं. अजून थोडं. अजून थोडं.

"आई, पडेन मी," लेक म्हणाली.

"नाही पडत गं," काकू म्हणाल्या. "होते सवय."